घरी बनवलेल्या सरबतांच्या काचेच्या बाटल्यांचे फोटो काढते, पण बाटलीवर पांढरे डाग चमकतात. पाच हजारांत कोणता सॉफ्टबॉक्स घ्यावा?

सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे लाइटपुढच्या त्या पांढऱ्या कापडी पेटीचं, नंतर बघू. तो बाटलीच्या समोर लावणार असाल तर पाच हजारांचा घ्या नाहीतर पन्नास हजारांचा, डाग जायचा नाही. फार तर चौकोनी होईल.

त्या चौकोनी डागापायी माझी नोकरी गेली, म्हणून हे लिहायला बसलो.

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओत मी असिस्टंट होतो. मालकांना सगळे दादा म्हणायचो. लग्नाच्या कामात माणूस वाघ, ते नाकारत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीचं काम आलं. सहा बाटल्या, त्यातली एक टेस्टिंग रूमच्या भिंतीवर मोठी छापायची. दादांनी नवरा-नवरीला लावतात तसे दोन सॉफ्टबॉक्स समोरून, डावी-उजवीकडून लावले. बाटली गडद हिरवी, आत रेड वाईन, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी काळीच. त्या काळ्या अंगावर दोन पांढऱ्या खिडक्या. मी म्हटलं, "दादा, मागून लाइट देऊन बघू का?" तर म्हणाले, "मागून दिला की माणूस काळा पडतो, एवढंही शिकला नाहीस?"

अहो, पण बाटली म्हणजे नवरदेव आहे का? चेहऱ्यावर पडलेला उजेड चहूकडे पसरतो. काच आरशासारखी, तिच्यासमोर जे असेल तेच ती दाखवते. काचेवर लाइट मारायचा नसतो, काचेला काय दिसू द्यायचं ते ठरवायचं असतं. हे मी तेव्हाही बोललो. नको तेवढ्या मोठ्याने बोललो बहुतेक.

शेजारी मांडायला द्राक्षं आणली ती थॉमसन. हिरवी, लांबट, खायची. रेड वाईनशेजारी! नाशिकच्या माणसाने हे करावं? शिराजचा, म्हणजे रेड वाईनच्या द्राक्षाचा घड कसा असतो, बारीक काळे मणी, गच्च भरलेला, ते ज्याची बाग आहे त्याला कळणार नाही? दादा म्हणाले, "द्राक्ष ते द्राक्ष, कोण बघतंय."

छापून आलं तेव्हा सगळ्यांनी बघितलं. बोर्दो घाटाच्या बाटलीला उभे खांदे असतात. काच तिथे वळते, आणि त्या वळणात अख्खी खोली इवलीशी होऊन मावते. भिंतीवर बाटली माणसाहून उंच, आणि तिच्या डाव्या खांद्यात एक माणूस स्पष्ट उभा, कमरेवर हात ठेवून. "हे कोण?" वायनरीवाल्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "असिस्टंट मध्ये आला." पुढच्या महिन्यात मी घरी.

त्यातली एक बाटली माझ्याकडे राहिली होती. पंचवटीतल्या आमच्या खोलीत रात्री दोन ट्यूबलाइट उभ्या केल्या, बाटलीच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना. प्रत्येकीपुढे बटर पेपर ताणला, मागे काळी चादर टांगली. खांद्यापासून तळापर्यंत दोन सरळ, मऊ रेघा. बाटलीचा घाट पहिल्यांदा दिसला. फोटो काढला, नेऊन दाखवला तर दादा म्हणतात, "ट्यूबलाइटवर धंदा करणार का?"

तुमचं काम याहून सोपं आहे, कारण सरबताची बाटली पारदर्शक. खिडकीला बटर पेपर लावा, बाटली त्यापासून तीन-चार फूट पुढे ठेवा. फ्रेममध्ये जेवढा पांढरा कागद दिसतो तेवढाच उघडा ठेवून बाकीची खिडकी काळ्या कापडाने झाका. त्या काळ्यामुळे काचेच्या कडा पेनाने काढल्यासारख्या उठतात. कागद फार मोठा ठेवलात तर कडा पांढऱ्यात विरघळतील. कोकम गडद दिसत असेल तर थोडं पाणी घाला, फोटोला कळत नाही. तरी उजळत नसेल तर केकखालचा सोनेरी पुठ्ठा बाटलीहून जरा लहान कापून मागे तिरका टेकवा. कॅमेरा बाटलीच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. वरून काढलात की बाटली तळाशी निमुळती होते. गारव्याचे थेंब हवेत तर मेडिकलमधलं ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं करून फवारा, तास-दीड तास हलत नाहीत.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक मारणारा फिल्टर, घ्या म्हणून कोणी सांगेल. काचेच्या सपाट तावावर, साधारण छप्पन अंशांच्या तिरप्या कोनात तो छान चालतो. गोल बाटलीवर प्रत्येक जागेचा कोन वेगळा, एक डाग जाईल, दुसरा राहील.

हां, लेबलचं राहिलं. लेबल कागदाचं, त्याला समोरून थोडा उजेड लागतोच. खिशातला आरसा हातात धरून कवडसा फक्त लेबलवर पाडा. आणि ट्यूबलाइट वापरल्यात तर ट्रायपॉड लावून शटर हळू ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येतात. सॉफ्टबॉक्स आधीच घेतला असेल तर फेकू नका, बाटलीच्या मागे लावा.

बाकी, ती मूळ फाइल अजून माझ्याकडे आहे. शंभर टक्के झूम केली की खांद्यातल्या माणसाच्या अंगात पांढरा शर्ट दिसतो. मी त्या दिवशी काळ्या टी-शर्टमध्ये होतो.