टॅब बोलू लागला, तर मूल बोलायचे थांबेल का?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कामगाराची पत्नी आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांची चिठ्ठी तिच्या पिशवीत महिनाभर तशीच पडून होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असून तोंडी तीन-चारच शब्द होते. चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे ॲप टॅबवर वापरावे, असा सल्ला चिठ्ठीत होता. "मॅडम, सासूबाई म्हणतात, यंत्रच बोलायला लागलं तर पोरगं कशाला तोंड उघडेल?" असे तिने खाली मान घालून विचारले.

हा प्रश्न मला बहुतेक पालक विचारतात. हातांच्या खुणा, चित्रे अशा बोलण्याला पूरक संवादमार्गांवरील संशोधनांचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काटेकोर पुरावा उपलब्ध असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते, उलट बहुतेकांचे वाढले होते, जरी ती वाढ अनेकांत माफकच होती. त्यामुळे "बोलेलच" असे वचन मी तिला दिले नाही. पाणी मागण्यासाठी ज्या मुलाला डोके आपटावे लागते, त्याला आधी मागण्याचा मार्ग हवा, एवढेच सांगितले.

पहिली चूक माझीच झाली. आम्ही खाऊ आणि वस्तूंचीच चित्रे भरली, त्यामुळे टॅब म्हणजे जणू हॉटेलातले मेनूकार्ड झाले. 'नको', 'थांब', 'अजून', 'झालं' हे शब्द नंतर आले आणि खरा बदल तेव्हाच दिसला. शेजारच्या मागांची खटखट सुरू झाली की कान झाकून किंचाळणाऱ्या त्या मुलाने एका दुपारी 'आवाज' आणि 'नको' ही दोन चित्रे लागोपाठ दाबली. त्याआधी दोन महिने आई स्वतः बोलताना तीच चित्रे दाबून दाखवत होती. मुलाकडून उत्तराचा आग्रह मात्र धरत नव्हती. घरात तेलुगू बोलली जात असल्याने 'पाणी'च्या चित्रामागे आजीच्याच आवाजात 'नीळ्ळु' भरले, आणि सासूबाईंचा विरोध तिथेच मावळला.

शाळेत मात्र टॅब खेळणे समजून कपाटात ठेवला जाई. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये संवादाच्या पर्यायी साधनांना चालना देण्याची तरतूद आहे, हे बाईंना दाखवल्यावर तो बाकावर आला. व्हिडिओ पाहण्यासाठी घरातला दुसरा फोन राखून ठेवला, हेही महत्त्वाचे ठरले.

आज आठ महिन्यांनी तो 'नको' दाबतो आणि पुष्कळदा सोबत उच्चारतोही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतील गर्दीत टॅब नेणे अवघड, म्हणून तीच चित्रे कागदावर छापून, लॅमिनेट करून त्याच्या गळ्यात अडकवायचे ठरले आहे. 'घरी जायचं' हे चित्र सर्वांत वर असेल.