पाझर तलावाच्या जागा नकाशावर शोधताना: उतार, ओढे आणि वजनं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संगमनेर तालुक्यातलं साधारण ११०० हेक्टरचं गाव, एसआरटीएमचा (अंतराळयानातल्या रडारनं मोजलेला) डीईएम, म्हणजे जमिनीच्या चौकोनाचौकोनाची उंची सांगणारा नकाशा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, उतार, खडक, पाऊस वगैरे नकाशांचे सात थर आणि कोणत्या थराला किती महत्त्व द्यायचं याची एका शोधनिबंधातून घेतलेली वजनं. उतार सगळीकडे ८८-८९ अंश येतोय, सपाट भागात ओढे पट्टीनं आखल्यासारखे दिसतायत, आणि शेवटी पाझर तलावाला 'अतिशय योग्य' अशा जागा निघाल्या आहेत. त्यांवर विश्वास ठेवावा का, हा तुमचा प्रश्न.

उताराचं आधी उरकू. उतरवून घेतलेला डीईएम अक्षांश-रेखांशात असतो, म्हणजे आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये. त्यातली एक पेशी, म्हणजे एक चौकोन, एका सेकंदाची (अंशाचा ३६००वा भाग). जमिनीवर ती तीसेक मीटरची, पण हिशेबात ती ०.०००२८ एवढीच धरली जाते. तेवढ्यात दोन मीटर चढ आला की कडाच उभा राहणार. रास्टर (पेशींचा हा नकाशा) आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात न्या, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. (७८ अंश पूर्वेच्या पलीकडे, नागपूर-भंडाऱ्याकडे काम असेल तर ३२६४४.) रूपांतर करताना 'निअरेस्ट' (जवळच्या पेशीचा आकडा जसाच्या तसा) निवडू नका, बायलिनियर (शेजारच्या चार पेशींवरून काढलेला आकडा) घ्या, नाहीतर उताराच्या नकाशावर पट्टे उमटतात.

ओढ्यांचं दुखणं वेगळं आहे. खड्डे भरण्याची आज्ञा दिली की खोलगट भाग सपाट होतो आणि सपाटीवर पाण्यानं कुठे जायचं हे गणिताला स्वतःच ठरवावं लागतं. त्यातून त्या समांतर रेघा येतात. शिवाय रस्त्याचा किंवा कालव्याचा भराव डीईएममध्ये धरणासारखा आडवा येतो, कारण खालची मोरी वरून दिसत नाही. ग्रास या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं आर.वॉटरशेड हे साधन वापरून बघा, त्याला खड्डे भरून द्यावे लागत नाहीत. मोऱ्यांच्या जागी ओढा हातानं कोरून द्या. उंबरठा, म्हणजे किती पेशींचं पाणी जमलं की ओढा धरायचा तो आकडा, हजार पेशींचा ठेवला असेल तर ९० हेक्टरपेक्षा लहान पाणलोटाचे ओहोळ दिसणारच नाहीत. तुमच्या गावाला २००-३०० पेशी, म्हणजे १८ ते २७ हेक्टर, इथून सुरुवात करा आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावरच्या निळ्या रेघांशी ताडून पाहा. आणखी एक शंका येते: डीईएम गावाच्या हद्दीवर कापून मग प्रवाह काढलात का? तसं असेल तर पुन्हा करा. पाणी शीव पाळत नाही. वरच्या गावाच्या डोंगरावरून येणारं पाणी तुमच्या हिशेबातून गळलं असेल.

आता वजनं. खरं बोलायचं आहे ते इथेच.

वजनांची बेरीज करताना एका थरातला दोष दुसऱ्या थरातला गुण भरून काढतो. समजा खडकाला तुम्ही १५ टक्के दिलेत आणि एखाद्या जागी खडक अगदी वाईट, पाचपैकी एकच गुण. बाकी सगळे थर पाचपैकी पाच. बेरीज येते ४.४, आणि जागा गडद हिरवी. पण खाली अखंड कातळ असेल तर पाझर तलाव पाझरणार कुठून? अशा गोष्टींना वजन द्यायचं नसतं, त्या गाळणीसारख्या लावायच्या: कातळ असेल तर जागा बाद, गावठाण असेल तर बाद. उरलेल्या जागांमध्ये मग तरतमभाव करा.

सात थर तरी खरे सात आहेत का, तेही बघा. उतार, प्रवाह घनता आणि ओलाव्याचा निर्देशांक तिन्ही एकाच डीईएममधून आलेत, म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा उभं केलंय. ११०० हेक्टरच्या गावात पावसाचा थर काही सांगत नाही. दूरच्या दोन-तीन पर्जन्यमापकांवरून ओढलेला तो रंग गावभर जवळपास एकच असतो. भूशास्त्रीय नकाशा १:२,५०,०००चा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर १२५ मीटर जाड आहे, मग पेशी ३० मीटरची करून तिचा तपशील वाढत नाही. एएचपी या, दोन-दोन घटकांची तुलना करून वजनं ठरवण्याच्या पद्धतीतलं सुसंगती गुणोत्तर ०.१च्या आत आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तुमची मतं एकमेकांना छेद देत नाहीत एवढंच त्यातून कळतं, मतं बरोबर आहेत की नाहीत ते नाही.

मी हे चूक करून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावासाठी असाच नकाशा केला आणि पहिल्या क्रमांकाच्या जागेवर सिमेंट नाला बांध झाला. पहिल्याच पावसात तो काठोकाठ भरला, सगळ्यांनी फोटो काढले. फेब्रुवारीतही त्यात पाणी होतं, आणि खालच्या विहिरी मात्र दरवर्षीसारख्याच आटल्या. नाल्याचा तळ कातळाचा होता. ते त्या शिवारात गुरं वळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मी विचारलंच नव्हतं. आजही त्या गावावरून जाताना मला ते लागतं.

म्हणून माझा आग्रह: वजनं बाजूला ठेवा आणि विहिरी गाठा. आपल्याकडचा बसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय आणि हे थर बहुतेक ठिकाणी जवळपास आडवे आहेत. विहीर म्हणजे या थरांचा उघडा छेद. काठावर उभं राहून माती किती, मुरूम किती, पोकळ्यांचा खडक कुठे सुरू होतो, काळा पाषाण कुठे लागतो, मध्ये लाल गेरूचा पट्टा आहे का, हे मोजता येतं. तीस-चाळीस विहिरींची अशी नोंद करा, मे महिन्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या पाणीपातळीसह. विहिरीच्या तोंडाची उंची डीईएमवरून घ्या, तीतून खोली वजा करा. पाणी धरणारा थर समुद्रसपाटीपासून कोणत्या उंचीवर आहे ते कळेल. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये त्या उंचीच्या दरम्यानच्या पेशी वेगळ्या काढा: तो थर जिथे उघडा पडतो किंवा नाल्यात येतो, त्या ओळी. पाणी मुरवायच्या जागा तिथे शोधायच्या. डीईएमच्या उंचीत काही मीटरची चूक असतेच, त्यामुळे पातळ थर यात हाती लागणार नाही, जाड थर मात्र छान सापडतो. थर थोडे कललेले असतील तर विहिरींच्या आकड्यांतूनच तो कलही दिसेल.

हे झाल्यावर वजनांचा खेळ जरूर करा. क्यूजीआयएसच्या ग्राफिकल मॉडेलरमध्ये सगळी साखळी एकदा बसवा, प्रत्येक वजन पाव भागानं वर आणि खाली करून पुन्हा चालवा. कसंही चालवलं तरी ज्या जागा वर राहतात, त्यांची यादी घेऊन नाल्यातून चालत जा. सोबत गावातला म्हातारा गुराखी असेल तर उत्तम. माथ्यावरचे सलग समतल चर झालेत का, तेही त्याच फेरीत बघा. वरून माती येत राहिली तर खालचा तलाव चार-पाच पावसाळ्यांत गाळानं भरतो.

विहिरींची नोंद झाली की थरांच्या उंचीसकट इथे टाका. छेद कसा काढायचा ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.