केबल चुकली, डिस्क जळल्या: भरपाई मागता येईल का?

प्रश्न: मी डिचोलीत घरूनच लग्नसमारंभांचे फोटो काढण्याचं काम करतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला, म्हणून दुकानातून नवा घेतला. दुकानाच्याच माणसाने घरी येऊन तो बसवला. डिस्कच्या जुन्या केबल्स काढायला त्रास नको, म्हणून त्याने त्याच नव्या एसएमपीएसला जोडल्या. चालू करताच जळका वास आला आणि दोन हार्ड डिस्क व एक एसएसडी गेली. बाकी मशीन चालतं. दुकानदार म्हणतो, पावसात व्होल्टेज वर-खाली झालं असणार. तो माणूस गेल्यावर मीच झाकण उघडून डिस्कमधल्या केबल्स काढून परत लावल्या होत्या. माझी केस टिकेल का?

उत्तर: टिकेल. तुम्हाला ज्याची भीती वाटते, तिथूनच सुरुवात करतो.

केबलचं डिस्कमध्ये जाणारं, तिला वीज देणारं टोक (साटा पॉवर) असं घडवलेलं असतं की ते उलटं बसतच नाही. ते काढून परत लावल्याने डिस्क जळत नाही. घात होतो तो दुसऱ्या, एसएमपीएसकडच्या टोकाला. सुट्या केबल्सच्या एसएमपीएसमध्ये त्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. खाच जुळते, केबल बसते आणि ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट शिरतात. म्हणून झाकण उघडल्याची गोष्ट प्रतिज्ञापत्रात स्वतःहून लिहा. लपवलीत आणि नंतर उघड झाली, तर तुमच्या खऱ्या गोष्टीही संशयात येतील.

व्होल्टेजचा बचाव मला लंगडा वाटतो. बाहेरून आलेला झटका आधी एसएमपीएसला बसतो. इथे तो शाबूत, मदरबोर्ड शाबूत, आणि जुन्या केबल्सवरच्याच तिन्ही डिस्क गेल्या. पण हे ग्राहक आयोगापुढे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची आहे. त्यामुळे मशीन पुन्हा चालू करू नका आणि ‘बघून देतो’ म्हटलं तरी डिस्क किंवा केबल दुकानात देऊ नका. त्या केबल्स हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. जोडलेल्या स्थितीत फोटो काढा, मग दुकानदाराला तारीख-वेळ लेखी कळवून त्रयस्थ तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्या. डिस्क बाजूला ठेवून केबलच्या पिनांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं, नव्या खोक्यातल्या केबलशी ताडून पाहायचं, हार्ड डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालाय का ते बघायचं. सगळ्याचा व्हिडिओ आणि सहीचा अहवाल हवा. दुकानदार आला नाही, तर तेही नोंदवा.

अहवाल हातात आला की डिस्क डेटा रिकव्हरीला पाठवा, निकालाची वाट पाहू नका. नुसता डायोडच गेला असेल, तर आतला डेटा बहुधा सुखरूप असतो. लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत ते, पुन्हा काढता येणार नाहीत.

आता कायदा. काम धंद्याचं असलं, तरी स्वयंरोजगाराने पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच ठरतो. एसएमपीएस सदोष नाही, बसवणं सदोष आहे. म्हणून तक्रार सेवेतील त्रुटीची आणि दुकानाविरुद्ध करा, कंपनीला गोवू नका. ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं बिलावर छापलेलं असलं, तरी तेवढ्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. बिलच दिलं नसेल, तर ती स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे; पैसे दिल्याची यूपीआय नोंद जोडा.

आधी स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही, तर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. दुकानाला तुम्ही दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल, तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. डिस्कची किंमत, रिकव्हरीचा खर्च, गिऱ्हाइकांना परत केलेले पैसे हे सगळं पावत्यांसह मागा. मनस्तापाची रक्कम बेताची ठेवा. फुगवलेल्या आकड्याने बाकीची मागणीही कमकुवत दिसते.

नोटिशीत एक प्रश्न नक्की घाला: नव्या एसएमपीएससोबत आलेल्या केबल्स का वापरल्या नाहीत? उत्तरात त्यांनी जे लेखी दिलं, ते नंतर फिरवणं त्यांना जड जाईल.