लोकरीची साधी बाहुली घरी कशी करायची? डोळे आणि केस कशाने चिकटवायचे?

चिकटवायचेच नाहीत. प्रश्नातलं हे शेपूट वाचूनच मी लिहायला बसले. पाच वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन एका दुपारीत होईल अशी बाहुली हवी, असं तुम्ही म्हणताय. ती नुसत्या गाठींवर होते. गोंदाची बाटली कपाटातच राहू द्या.

आमच्या घरात या डोळ्यांवरून भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही. पुतणीचं लग्न होतं. रुखवतात ठेवायला तिने माझ्याकडे लोकरीचे नवरा-नवरी मागितले, लहानपणी मी तिला करून द्यायचे तसे. नवरी पिवळ्या लोकरीची, कमरेला हिरवा धागा. नवरा पांढरा, डोक्याला लाल लोकरीचे चार वेढे, झाला फेटा. थोरल्या जाऊबाई, म्हणजे नवरीची आई, रुखवताच्या ऑर्डरी घेतात. सुपारीचे भटजी-भटजीण, सप्तपदी, थर्माकोलचं तुळशीवृंदावन, सगळं त्यांच्या हातचं आणि खरंच देखणं असतं. त्यांनी माझी नवरी उचलली आणि म्हणाल्या, "अगं, हिला तोंड कुठाय? आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी काय ही!"

मी म्हटलं, "वहिनी, ती अशीच असते." तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. मेंदीच्या रात्री त्यांनी ग्लू गन काढून दोघांना हलणारे प्लास्टिकचे डोळे बसवले. नवऱ्याला वर मिशी.

सकाळी कार्यालयात मांडणी करताना मी ते पाहिलं. ओढून काढावेत तर गोंद धाग्यात मुरून लोकर तिथे कडक झालेली, ओढलं की धागेच निघायला लागले. मग मी दोघांना सरळ फिरवून ठेवलं. या बाहुलीला पुढची-मागची बाजू नसतेच, त्यामुळे डोळे भिंतीकडे गेले आणि काम झालं. वहिनींनी येता-जाता बघितलं, परत फिरवलं. मी पुन्हा फिरवलं. मंगलाष्टका सुरू होईपर्यंत आम्हा दोघींचं हेच चाललं होतं, आणि व्याही मंडळी रुखवत बघायला आली तेव्हा नवरा त्यांच्याकडे बघत होता, नवरी भिंतीकडे.

पंगतीच्या वेळी व्याह्यांची छोटी नात नवरी घेऊन जेवायला बसली. सगळ्या रुखवतात तिला हात लावावासा वाटला तो याच वस्तूला, हे मी अजून वहिनींना ऐकवते. पण तिने डोळे उपटले होते. एक तिच्या मुठीत मिळाला. दुसरा शोधत आम्ही टेबलाखाली वाकलो, तो सापडला मठ्ठ्याच्या वाटीत. यावर वहिनींचं म्हणणं काय, तर "तुझी लोकरच गोंद धरत नाही!"

असो. कृती. 15 सेंटिमीटर उंचीचा जाड पुठ्ठा घ्या, वही चालेल. त्यावर लोकरीचे साठ-सत्तर वेढे घ्या. वेढे मोजायचं काम मुलीला द्या. घट्ट गुंडाळू नका, लोकर ताणली जाते आणि पुठ्ठ्यावरून काढली की आखडते. वरच्या कडेला सगळ्या वेढ्यांतून एक दोरा ओवून बांधा, खालची कड कापा. आत लोकरीच्या तुकड्यांची सुपारीएवढी गोळी सारून तिच्या खाली गळा आवळा. हातांसाठी 10 सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर पंचवीस-तीस वेढे, दोन्ही टोकं बांधून ती जुडी गळ्याखाली आडवी घाला, मग कंबर बांधा. नवरी असेल तर खालचं मोकळं सोडा, नवरा असेल तर दोन भाग करून पाय बांधा. पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात अशा दोन बाहुल्या आरामात होतात.

गळा मात्र सुती दोऱ्याने बांधा. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते आणि तिची गाठ सरकते. दोऱ्याचे दोन वेढे देऊन मगच निरगाठ मारायची. सुरगाठ मारलीत तर संध्याकाळपर्यंत मुंडकं लोळायला लागेल. (आपली लोकर खरी की अ‍ॅक्रिलिक हे बघायचं तर तुकडा जाळून बघा, मुलीपासून लांब. खरीला केस जळल्याचा वास येतो, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.)

केसांचं तर काही करावंच लागत नाही. वरचा ओवलेला दोरा जरा खाली, डोक्यावर बांधा आणि त्याच्या वर राहिलेले वेढे कापा, तेच केस. लांब वेणी हवी असेल तर तीन पेड जास्तीचे ओवून घ्या.

आणि तोंड नसलेली बाहुली अर्धवट, असं तुमच्याही घरी कुणी म्हणालं तर त्यांना बल्गेरियातले पिझो आणि पेंडा हे बाहुला-बाहुली दाखवा. 1 मार्चला तिकडे लोक पांढऱ्या-लाल धाग्याची मार्तेनित्सा एकमेकांना देतात आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत अंगावर वागवतात. तिच्यातलीच ही जोडी, पांढरा पिझो आणि लाल पेंडा, याच पद्धतीने गाठी मारून केलेली. साध्या जोडीला बहुतेक वेळा नाकडोळे नसतातच. ती 1 मार्चची प्रथा 2017 साली युनेस्कोच्या यादीत गेली. मी वहिनींना हे फोनवर दाखवलं. म्हणाल्या, "त्यांच्याकडे रुखवत असतं का?"

एक राहिलं. तुमच्या मुलीला धाकटं भावंड असेल आणि ते तीन वर्षांच्या आतलं असेल, तर ही बाहुलीसुद्धा त्याच्या हातात देऊ नका. सुटलेला धागा बोटाला घट्ट गुंडाळला जातो, तोंडातही जातो. आणि मुलगी डोळ्यांसाठी अडूनच बसली, तर काळ्या दोऱ्याच्या दोन गाठी सुईने आतून पक्क्या घालून द्या. वहिनींना सांगू नका.