वाचकांचे प्रश्न: ठाणे खाडीतले रोहित आणि बाकीची मंडळी

प्रश्न: ताई, दरवर्षी पेपरात येतं की ठाणे खाडीत लाखभर फ्लेमिंगो आले. मग लाखाने येणाऱ्या पक्ष्यासाठी अभयारण्य कशाला? दुर्मिळ कसा काय तो? (मुलुंडहून एक वाचक)

तुम्ही मोजताय संख्या, आणि तिथेच गल्लत होते बघा. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, आपल्याकडे मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही येतात पण खाडीत गर्दी असते ती छोट्याची, चोच गडद लालसर दिसली की तो छोटा, आणि गुलाबी चोचीला काळं टोक असलं तर मोठा. जगात हे छोटे रोहित लाखांनी आहेत पण अंडी कुठे घालतात तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच जागी, आफ्रिकेत बहुतेक सगळे टांझानियाच्या एका नॅट्रॉन तलावावर आणि भारतात कच्छच्या रणात. त्यातली एक जागा बिघडली की एवढी मोठी संख्या काही कामाची नाही, म्हणूनच धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावरचा म्हणून नोंदलाय.

खाण्याचंही तसंच. छोटा रोहित चोच उलटी करून पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, पिल्लू जन्मतः करडं असतं, गुलाबी रंग येतो तो याच खाण्यातून. हे शेवाळ आपल्या खाडीच्या चिखलात भरपूर, म्हणून नोव्हेंबर ते मे मुक्काम इथे. तेव्हा खरं तर आपण चिखल राखतोय, लोक ज्याला घाण म्हणतात तोच. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधली साधारण 17 चौ. किमी खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीये. भरती आली की चिखल बुडतो, मग हे थवे नवी मुंबईतल्या तळ्यांवर बसायला जातात आणि ती तळी अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत. तिथे भराव पडला तर पक्ष्यांनी ते चार-पाच तास काढायचे कुठे? मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळपास 40 रोहित मेले होते, ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

प्रश्न: झाडांमध्ये काय बघण्यासारखं आहे? मला तर सगळी खारफुटी सारखीच दिसते. (ऐरोली)

आधी तिवर ओळखा, इथे तीच सगळ्यात जास्त. तिचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल कारण मीठ ती पानावाटे बाहेर टाकते. चिखलातून पेन्सिलीसारखं वर आलेलं दिसतं ना, ती तिची श्वासमुळं, त्यावर पाय देऊ नका प्लीज. मग चिप्पी. पांढरी चिप्पी 2020 पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, तिचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत गळतं, त्यामुळे बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. गेवा मात्र लांबूनच बघायचा हं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. मुळांमध्ये निवट्या उड्या मारताना दिसतील, मासा असून चिखलावर चालतात. कोळी आणि आगरी घरांतल्या आजींना विचारा, याच खाडीच्या जिवावर त्यांचे संसार झालेत, कुठे काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही हे त्यांना जास्त माहितीये. आणि हो, याच कांदळवनात सोनेरी कोल्हाही राहतो, एवढ्या शहराच्या मधोमध!

प्रश्न: मुलांना घेऊन कधी जाऊ? (डोंबिवली)

फेब्रुवारी-मार्च बेस्ट. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट सुटते पण वेळ रोजची एक नसते, भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते ना. अगदी सुकतीला बोट गाळात रुतते आणि पूर्ण भरतीला पक्षी उठून गेलेले असतात. म्हणून आधी फोन करून वेळ विचारा, दुर्बीण आणि टोपी घ्या, आणि ड्रोन मात्र घरीच ठेवा, अख्खा थवा उठतो त्याने.