भिंतीत रॉकवूलऐवजी थर्माकोल निघालं, आता पुढे?

प्रश्न : नाशिकला आमचं रो-हाउस आहे. वरचा मजला बांधायचं काम एका ठेकेदाराला 41 लाखांत दिलं. कोटेशनमध्ये 6 लाख 25 हजारांची एक ओळ होती : ‘साउंडप्रूफ होम थिएटर रूम, 14 बाय 18, मटेरियलसह’. दिवाळीत खोली ताब्यात आली. पहिल्याच सिनेमाला पलीकडून शेजारच्या काकूंनी भिंत ठोठावली. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय, उत्तराला 15 दिवस दिलेत. एक स्विचबोर्ड उघडून पाहिला तर आत रॉकवूल (आवाज अडवायला भरतात ती खनिज लोकर) नाही, थर्माकोलचे तुकडे. ठेकेदार म्हणतो, ‘साउंडप्रूफ म्हणजे शंभर टक्के कधीच नसतं’, आणि वर राहिलेले 1 लाख 40 हजार मागतोय. भिंत फोडून दुसऱ्याकडून काम करून घ्यावं का? ग्राहक मंचात जाता येईल का? आणि काकूंना काय उत्तर द्यायचं? ‘आमच्याकडून आवाज येत नाही’ असं कळवावं, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरच्यांचं ऐकलंत तर पुढचं काही सांगण्यात अर्थ उरणार नाही. आज काकूंच्या वकिलाला ‘आवाज येतच नाही’ असं लिहून दिलंत आणि महिन्याने ग्राहक आयोगात ‘भिंतीतून आवाज जातो, ठेकेदाराने फसवलं’ अशी तक्रार केलीत, की ठेकेदाराचा वकील पहिल्याच तारखेला तुमचंच पत्र तुमच्यासमोर ठेवणार. काकूंची नोटीस वाचून तुम्हाला राग आला असेल, पण शांतपणे पुन्हा वाचा. खोलीतला आवाज भिंतीपलीकडे जातो, हे तुमच्याशी वैर असलेल्या माणसाने तारीख-वार घालून लिहून दिलंय. ठेकेदाराविरुद्ध याहून चांगला कागद तुम्हाला पैसे देऊनही मिळाला नसता. नोटीस लिफाफ्यासकट जपून ठेवा.

उत्तर सरळ द्या : आवाजाबाबत तुमची तक्रार समजली, खोलीचं काम ठरल्याप्रमाणे झालेलं नाही असं दिसतं, ठेकेदाराविरुद्ध कारवाई सुरू करत आहोत, दुरुस्ती होईपर्यंत थिएटर बंद ठेवू. त्रास मुद्दाम दिला किंवा नुकसानभरपाई देणं लागतो, असं मात्र एका शब्दाने कबूल करायचं नाही. हा फरक बारीक आहे, म्हणून पत्र वकिलाकडूनच जाऊ द्या.

काकूंच्या हातात काय आहे, तेही समजून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या वर 5 डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. म्हणजे रात्री 50. तुमची हद्द म्हणजे ती सामाईक भिंतच. इथे एक गंमत आहे. हे मोजमाप ज्या ‘ए’ मापनाने होतं, त्यात खालच्या पट्टीचा आवाज मुळातच कमी धरला जातो. सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, धडधड नेमकी त्याच पट्टीत. मीटर 47 दाखवत असेल आणि काकूंच्या शोकेसमधले कप किणकिणत असतील, असं होऊ शकतं. ‘मीटरप्रमाणे आम्ही नियमात आहोत’ एवढ्यावर विसंबू नका. उपद्रव होतो म्हणून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला त्यांना डेसिबलचा आकडा ओलांडला जाण्याची वाट बघावी लागत नाही.

आता ठेकेदार. ग्राहक मंचाला 2019च्या कायद्यापासून आयोग म्हणतात. तिथे जाता येईल. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच सांगून ठेवलंय आणि आजच्या कायद्यातल्या व्याख्येतही ते आहे. कोणत्या स्तरावरच्या आयोगात जायचं, हे ठरतं ते तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर, मागणीवर नाही. राहिलेले 1 लाख 40 हजार वजा जाता तुम्ही 39 लाख 60 हजार दिलेत, म्हणजे 50 लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. फी 1000 रुपये. ठेकेदार बाहेरगावचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे, नाशिकलाच दाखल होते. मुदत 2 वर्षांची. करारात लवादाचं कलम असलं तरी त्याने आयोगाचं दार बंद होत नाही. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, मात्र इथे संबंध नाही. तो प्रकल्प उभारून घरं विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे, तुमच्या घरावर मजला चढवणाऱ्या ठेकेदारासाठी नाही.

खरी लढाई ‘साउंडप्रूफ’ या एका शब्दावर होईल. कोटेशनमध्ये किती डेसिबल अडणार, कोणता थर किती जाडीचा, काहीच नाही. एवढ्या पैशाच्या कामाला एकच ओळ, हे तुमचंही चुकलंच. ठेकेदाराचं ‘शंभर टक्के नसतं’ हे शास्त्र म्हणून खरं आहे, आणि तुमचं भांडण त्याच वाक्यावर नेलंत तर हराल. भांडण थर्माकोलवर न्या. आवाज अडायला वजन लागतं, हवाबंद सांधे लागतात आणि खोलीचं आतलं कवच मूळ भिंतीपासून सुटं ठेवावं लागतं : वेगळी फ्रेम, मध्ये दाबून भरलेलं रॉकवूल, वर जिप्समचे दोन थर. थर्माकोलला वजन नाही आणि ते आवाज शोषतही नाही. वर लावलेली कापडी पॅनेलं आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, पलीकडे जाणारा आवाज त्यांच्याने अडत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016मध्ये ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. तो तज्ज्ञाच्या अहवालात उद्धृत करायला लावा, म्हणजे या धंद्यातली रीतसर पद्धत कोणती हे आयोगाला दिसेल.

रॉकवूलचा उल्लेख कोटेशनमध्ये नाही, मग तो तुमच्या तोंडी आला कुठून? ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं असेल, रॉकवूलच्या गठ्ठ्यांचा फोटो टाकला असेल, बिल पाठवलं असेल, तर तुमची केस निम्मी तिथेच आहे. तो चॅट पुसू नका, मोबाइलही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खालचं प्रमाणपत्र जोडलं की तो पुराव्यात येतो.

म्हणूनच भिंत आता फोडायची नाही. भिंतीच्या पोटात जे आहे तोच तुमचा पुरावा आहे, आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी तो डेब्रिजच्या ट्रॉलीत भरून नेला की उरतो फक्त तुमचा शब्द. स्विचबोर्डमागे सापडलेल्या तुकड्यांबद्दल तर समोरचा म्हणेल, तुम्हीच कोंबले. आधी ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या : काम सदोष आहे; अमुक तारखेला, अमुक वाजता तज्ज्ञासमक्ष भिंत उघडून पाहणार आहोत; हजर राहा किंवा माणूस पाठवा. तो आला तर उत्तम. नाही आला, तर तो आला नाही हेही पंचनाम्यात येतं.

त्या दिवशी अकूस्टिक कन्सल्टंट (ध्वनितज्ज्ञ) आणि घरच्यांपैकी नसलेले दोन पंच हवेत. उघडण्यापूर्वी कन्सल्टंटकडून मोजणी करून घ्या : तुमच्या खोलीत ठरावीक आवाज लावायचा, तो इथे किती आणि काकूंच्या खोलीत किती, यातला फरक काढायचा. यासाठी काकूंची परवानगी लागेल, आणि वरचं सौम्य पत्र इथेच कामी येईल. मोबाइल अ‍ॅपचे आकडे आयोगात टिकत नाहीत. मग तीन ठिकाणी, सामाईक भिंतीला, छताला आणि दाराजवळ, दोन बाय दोन फुटांचा चौकोन कापायचा. आत काय आहे त्याचा मोजपट्टी लावून फोटो, मध्ये न थांबवता व्हिडिओ, निघालेले तुकडे पिशवीत, पिशवीवर सगळ्यांच्या सह्या. एसीच्या पाइपचं भोक आणि दाराखालची फट बघायला विसरू नका; भिंत कितीही चांगली असली तरी आवाज तिथून निघून जातो. थिएटर काही महिने बंद ठेवायची तयारी असेल, तर तीन चौकोनांवरच थांबा आणि बाकी भिंत जशीच्या तशी ठेवून आयोगाला पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमायची विनंती करा. माझा कल त्याकडे आहे.

1 लाख 40 हजार देऊ नका, पण गप्पही बसू नका. ‘सदोष कामापोटी ही रक्कम राखून ठेवली आहे’ हे नोटिशीत लिहा आणि तक्रारीतही स्वतःहून सांगा. लपवलंत तर ठेकेदार तुम्हाला पैसे बुडवणारा ठरवेल. मागणी 41 लाखांची करू नका. दुसऱ्या माणसाकडून थिएटर उकलून नव्याने करण्याचं, थराथराचा तपशील असलेलं अंदाजपत्रक घ्या. तो खर्च, त्यातून राखलेली रक्कम वजा, शिवाय कन्सल्टंटची फी, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला हाताशी ठेवा. नसेल तर मला आधी कळवा, कारण समोरचा ते पहिल्यांदा काढणार.

15 दिवसांतले किती उरलेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काकूंचं उत्तर आणि ठेकेदाराची नोटीस एकाच दिवशी, वेगवेगळ्या लिफाफ्यांत जाऊ द्या. आणि सबवूफरची वायर आजच काढून ठेवा.