बेसबॉलमध्ये एकही बॅटर बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) जाऊ न देणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, कधी हरला आहे का?

हो, जवळजवळ असंच एकदा झालंय: 26 मे 1959 रोजी मिलवॉकीत पिट्सबर्ग पायरेट्सच्या हार्वी हॅडिक्सने सलग 36 बॅटर बाद केले, म्हणजे 12 इनिंग्ज निर्दोष, आणि तरी तो 13व्या इनिंगमध्ये 0-1 ने हरला. सामन्याच्या धावफलकातच कारण दिसतं. परफेक्ट गेमला, म्हणजे नेहमीच्या 9 इनिंग्जमध्ये कोणालाच बेसवर जाऊ न देण्याला, 27 बाद पुरतात, पण पायरेट्सना 12 हिट्स (बेसवर पोहोचवणारे फटके) मिळूनही प्रतिस्पर्धी मिलवॉकी ब्रेव्हजचा पिचर ल्यू बर्डेट याच्याविरुद्ध एक धाव काढता आली नाही, म्हणून सामना लांबला. (बिचाऱ्या हॅडिक्सने अजून काय करायचं!) 13व्या इनिंगमध्ये पायरेट्सचा थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) डॉन होकच्या चुकीच्या फेकीमुळे ब्रेव्हजचा पहिला बॅटर बेसवर पोहोचला, पुढे हँक ॲरनला मुद्दाम वॉक दिला (न खेळवता पहिल्या बेसवर जाऊ दिलं) आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. गंमत म्हणजे तो होमरन म्हणूनही मोजला गेला नाही. धावताना ॲडकॉक ॲरनच्या पुढे गेला, म्हणून नोंद डबलची (दुसऱ्या बेसपर्यंतच्या फटक्याची) झाली आणि धाव एकच राहिली.

मात्र अधिकृत यादीत हा ‘परफेक्ट गेम’ नाही. 1991 साली ठरलेल्या व्याख्येनुसार सामना संपेपर्यंत कोणीच बेसवर जाता कामा नये.